सेंदाई विषाणू सोडून नॅनोकणांकडे वळावं का?

नाशिकमध्ये आयपीएस पेशींची (साध्या पेशी बदलून केलेल्या मूळपेशींची) नवी लॅब उभी राहत असेल, तर पेशी बदलणारी जनुकं आत पोचवायला तिने कोणती पद्धत धरावी: सेंदाई विषाणू की नॅनोकण?

पंचवटीकर: माझं मत, नॅनोकण. जपानी संशोधक यामानाकांनी 2006 मध्ये उंदराच्या, 2007 मध्ये माणसाच्या त्वचापेशी चार जनुकांनी मूळपेशी केल्या. पण त्यांनी वापरलेला रेट्रोव्हायरस ती जनुकं डीएनएत कायमची घुसवतो. त्यांतलं सी-मिक पुन्हा जागं झालं की कॅन्सरची गाठ. लिपिडच्या (मेदाच्या) नॅनोकणांतून एमआरएनए, म्हणजे जनुकाचा तात्पुरता निरोप, दिला तर तो काम करून विरून जातो.

सातपूरकर: रेट्रोव्हायरस आता कोण वापरतं? सेंदाई डीएनएत शिरत नाही, दहाएक पॅसेजमध्ये (पेशी नव्या प्लेटमध्ये हलवायच्या फेऱ्यांत) निघून जातो, आणि एकदाच द्यायचा. एमआरएनए दोन आठवडे जवळपास रोज द्या! पेशीला वाटतं विषाणू आला, इंटरफेरॉन हे बचावाचं प्रथिन सुटतं, पेशी प्लेट सोडून तरंगायला लागतात.

पंचवटीकर: एमआरएनएत स्यूडोयुरिडीन हा बदललेला घटक वापरा, शुद्धीकरणात दुपदरी आरएनए काढा, मिडियात (पेशींच्या पोषक द्रवात) इंटरफेरॉन अडवणारं बी18आर प्रथिन ठेवा, मरतूक पुष्कळ घटते. सेंदाईला उणे 80 अंश लागतात. एप्रिलच्या उन्हात पार्सलातला कोरडा बर्फ संपला तर टायटर (कामाच्या विषाणूंचं प्रमाण) गेलाच.

कॉलेजरोडकर: कण बनवण्याबद्दल कुणीच बोलत नाही, घोडं तिथेच अडतं. लिपिड इथेनॉलमध्ये, एमआरएनए पीएच 4 च्या सायट्रेट बफरमध्ये. इथेनॉलच्या एका भागाला तीन भाग बफर, झटकन मिसळायचं, मग पीबीएस या मिठाच्या बफरमध्ये डायलिसिस. पिपेटने हातानं मिसळलं की कण लहानमोठे होतात. आकार 80 ते 100 नॅनोमीटर, पीडीआय (आकारातली तफावत) 0.2 च्या आत हवा. आणि हे कण पेशीत शिरतात ते बहुतांशी एपोई हे मेद वाहणारं प्रथिन अंगाला चिकटल्यावर. सीरम (रक्तातला द्रव) नसलेल्या मिडियात ते नसतं, कण बाहेरच राहतात आणि लोक डोस वाढवत बसतात. मिलिलीटरला 1 मायक्रोग्रॅम एपोई घाला. पीईआय या पॉलिमरचं नेमकं उलट: त्याच्या धन प्रभारावर सीरमची प्रथिनं चिकटतात, गुठळ्या होतात. आधी जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या एमआरएनएने चाचणी घ्या. दुसऱ्या दिवशी बहुतेक पेशी हिरव्या दिसत नाहीत तोवर महागड्या एमआरएनएला हात लावू नका.

सातपूरकर: एपोईचं पटलं. पण माल आत पोचला म्हणजे पेशी बदलली असं नाही. क्रोमॅटिन (प्रथिनांसह असलेला डीएनए) घट्ट गुंडाळलेलं असतं, वर पी53 हे प्रथिन विभाजन रोखतं. तिथे कण काय करणार? क्रोमॅटिन सैल करणारं सोडियम ब्युटिरेट जास्त कामाचं.

पंचवटीकर: ब्युटिरेट दोन्ही पद्धतींत घालता येतं. कणाचा खरा फायदा प्रमाणात आहे: सगळे एमआरएनए ठरवलेल्या प्रमाणात मिसळून कणांत भरता येतात, चारांतलं ऑक्ट-4 इतरांच्या तिप्पट. सेंदाईत प्रत्येक पेशीला कोणता विषाणू किती मिळाला हे हातात राहत नाही.

सातपूरकर: मग एकाच फायब्रोब्लास्टच्या (त्वचापेशींच्या) दोन प्लेटा लावा. 21 व्या दिवशी टीआरए-1-60 ही मूळपेशींची खूण दाखवणाऱ्या वसाहती मोजा आणि दहाव्या पॅसेजला दोन्हींचं कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) करा. तोवर मी सेंदाईच म्हणणार.