मदत हवी आहे: सावडीत काम मागे का पडतंय?

नमस्कार मंडळी. आम्ही निफाड तालुक्यातले सहा द्राक्ष बागायतदार. पेठ-सुरगाण्याकडची मजुरांची टोळी यंदा वेळेवर मिळेना, म्हणून गोडी छाटणीनंतरची (फळासाठी करतात त्या छाटणीनंतरची) कामं सावडीने, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या बागेत राबून, करायचं ठरवलं. आज एकाच्या बागेत, उद्या दुसऱ्याच्या. घरची मिळून १४ माणसं. पण विरळणीला (घडातले जादा मणी काढायला) स्वतःच्या बागेत माणूस दिवसभरात जेवढ्या ओळी काढतो, तेवढ्या सावडीत निघत नाहीत. कामचुकार कोणीच नाही, म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

फ्रान्सच्या मॅक्स रिंगेलमान या कृषी अभियंत्याने दोर ओढण्याचे प्रयोग केले होते, ते १९१३ साली प्रसिद्ध झाले. आठ जण एकत्र ओढायला लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याच्या जवळपास निम्म्यावर यायचा. आमचंही तेच होतंय का?

दोघादोघांना ओळी वाटून द्याव्यात असं वाटतं. पण वयस्कर काकू मागे पडतील, त्यांचं मन दुखेल. ज्यांनी इर्जिक-सावड टिकवली आहे त्यांनी कृपया सांगा, तुम्ही ओळी मोजता का? मोजल्यावर कुरबुर होते का? पुढचं डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं) आठवड्यावर आलंय, लवकर कळवा.