पीएचडीचा विषय अमेरिकन स्टडीजचा, नोंदणी कोणत्या विभागात?

रामदासपेठ_२४
एम.ए. इंग्रजी झालंय, पेट म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षाही निघाली. सिनॉप्सिससाठी (संशोधनाच्या आराखड्यासाठी) विषय धरलाय: 'शिकागोतील कृष्णवर्णीयांचा घरासाठीचा लढा: साहित्य, कायदा आणि समाज (१९३०–१९७०)'. गाइड विचारतात, हे इंग्रजीत बसतं कसं? इतिहासात किंवा समाजशास्त्रात नोंदणी करावी का? आणि नागपुरात बसून मूळ साधनं मिळतात का?

संदर्भकक्ष
इंग्रजीतच करा. विभाग बदलला की पात्रतेपासून कोर्सवर्कपर्यंत सगळ्याला फाटे फुटतात. विषय विभागाबाहेर जातो तेव्हा यूजीसीच्या २०२२च्या नियमांत सहमार्गदर्शक घेता येतो. इतिहासाचा कोणी गाठा.

शीर्षकात मात्र 'साहित्य, कायदा आणि समाज' नको. समितीला ती भेळ वाटते, आणि असतेही. प्रश्न एकच ठेवा: कायद्याचे कागद एक सांगतात, साहित्य दुसरं, असं का?

उदाहरणच घ्या. कृष्णवर्णीय नाटककार लॉरेन हॅन्सबेरीच्या वडिलांनी १९३७मध्ये शिकागोच्या वुडलॉन भागात गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही, असा करार तिथल्या मालकांनी आधीच केला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९४०मध्ये हॅन्सबेरी जिंकले. इथेच पाय घसरतो. 'न्यायालयाने असे करार रद्द केले' असं लोक बिनधास्त लिहून मोकळे होतात. तसं झालं नाही. निकाल प्रक्रियेच्या मुद्द्यावर होता: याच कराराबद्दलच्या आधीच्या खटल्यात हॅन्सबेरी पक्षकार नव्हते, म्हणून तो निकाल त्यांना बंधनकारक नाही, एवढंच. न्यायालयांनी असे करार अमलात आणणं थांबलं ते १९४८मध्ये, शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात. खासगीत करार करायला तेव्हाही मनाई झाली नाही. घरांच्या व्यवहारात वंशभेदाला मनाई करणारा फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट आला १९६८मध्ये.

आता लॉरेनचं १९५९चं नाटक 'अ रेझिन इन द सन' उघडा. त्यात कोर्ट नाहीच. वस्तीचा प्रतिनिधी घरी येतो, गोड बोलतो आणि वर जास्तीचे पैसे देऊन घर परत घ्यायची तयारी दाखवतो. घरचाच खटला असताना लेखिकेने कोर्ट का गाळलं? इथे कायदा वाचल्याशिवाय नाटक कळत नाही. सिनॉप्सिसचा पहिला परिच्छेद याच प्रश्नाचा करा, म्हणजे 'इंग्रजीत बसतं का' हे कोणी विचारणार नाही.

नकाशेवाला
साधनांचं सांगतो. रिचमंड विद्यापीठाच्या 'मॅपिंग इनइक्वॅलिटी' संकेतस्थळावर एचओएलसी या सरकारी गृहकर्ज संस्थेचे नकाशे फुकट आहेत. वस्त्यांना कर्जाच्या जोखमीनुसार ए (सर्वांत चांगली) ते डी (सर्वांत धोक्याची) श्रेणी. रंग हिरवा, निळा, पिवळा, लाल. पण नकाशावर थांबू नका, सोबतचं वर्णनपत्रक वाचा. कृष्णवर्णीय किती टक्के, परदेशात जन्मलेली कुटुंबं किती, 'इन्फिल्ट्रेशन' कोणाचं होतंय, असे छापील रकानेच आहेत. वस्तीत राहायला येणाऱ्यांसाठी सरकारी फॉर्मवर 'शिरकाव' हा शब्द! इंग्रजीवाल्याला यावरच चार पानं निघतील.

जपायचं कुठे: 'या नकाशांमुळेच कर्ज नाकारलं गेलं' असं सरसकट ठोकू नका. संस्था १९३३ची, नकाशे १९३५ ते १९४०चे, आणि तिचं बरंचसं कर्जवाटप नकाशे निघण्याआधीच उरकलं होतं. १९३४ला आलेल्या एफएचए या गृहकर्जांचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेचे नियम वेगळे काढून बघा.

कालखंडही छाटा. अमेरिकन जनगणनेची घरनिहाय मूळ पत्रकं ७२ वर्षांनी खुली होतात. १९५०ची २०२२मध्ये झाली. १९६० आणि १९७०ला नावानिशी काही हाती लागणार नाही, फक्त भागवार आकडे. १९३७–१९५९ धरा, खटला आणि नाटक दोन्ही त्यात येतात.

जुन्या पेपरांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं 'क्रॉनिकलिंग अमेरिका' फुकट आहे. शोधताना त्या काळचे शब्द टाका, 'नीग्रो', 'कलर्ड'. आजच्या अर्थाने 'ब्लॅक' टाकाल तर कोळसा नि रंगाच्या जाहिरातीच वाचत बसाल. कृष्णवर्णीयांच्या 'शिकागो डिफेंडर' या वृत्तपत्राचे जुने अंक मात्र प्रोक्वेस्टच्या सशुल्क संग्रहात आहेत.

रामदासपेठ_२४
कालखंड बदलतो. यात फुले-आंबेडकरांचा धागा आणू का?

संदर्भकक्ष
प्रस्तावनेत अर्धं पान, जास्त नको. फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केली. बाबासाहेबांचं कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत ड्यू बॉइस यांना १९४६चं पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट संग्रहात ऑनलाइन वाचता येतं. दोन्ही मोलाचं, पण वुडलॉनच्या घराबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही. दीक्षाभूमीच्या गावात तोंडी परीक्षेला हा प्रश्न येणारच, तेवढी तयारी ठेवा.

नकाशेवाला
एक राहिलं. नोंदणीला वर्ष झालं की अमेरिकेत संशोधनासाठीच्या फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल शिष्यवृत्तीचे त्या वर्षीचे निकष बघा; मुक्काम ६ ते ९ महिन्यांचा असतो. अर्जात 'तिथल्या ग्रंथालयात वाचन करीन' लिहू नका, ते इथूनही होतं. मालकांचे मूळ करार कुक काउंटीच्या (शिकागोच्या जिल्ह्याच्या) जमीननोंदींत आहेत. कोणत्या ब्लॉकच्या, कोणत्या वर्षांच्या नोंदी बघणार ते लिहा.