दोघंही नोकरीला, घरात कुत्र्याचं अकरा आठवड्यांचं पिल्लू. दिवसभर सांभाळायचं कसं?

झोपमोड :
आमच्या घरी डिंकी आली आहे. वय अकरा आठवडे. जात विचारू नका, कानांची एक आणि पायांची दुसरी असावी. लसीचा पहिला डोस झालाय, दुसरा पुढच्या आठवड्यात. सध्या मी आणि नवरा आळीपाळीने रजा काढून निभावतोय, पण महिनाअखेरीस दोघांच्याही रजा संपतात. मग सकाळी पावणेनऊ ते संध्याकाळी साडेसहा घर रिकामं. शुक्रवारी मी घरून काम करते, तेवढा एक दिवस सुटला.

आतापर्यंत मिळालेले सल्ले असे. सासूबाई म्हणतात, बाल्कनीत ठेवा, होते सवय. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, अजून एक पिल्लू आणा, दोघं एकमेकांत रमतील. नवऱ्याने एक डे-केअर शोधलंय, ते म्हणाले उद्यापासून सोडा. डोस किती झाले वगैरे काहीच विचारलं नाही, आणि मला नेमकं तेच खटकतंय. घरी येऊन बघणारं माणूस मिळू शकतं, पण दिवसभरासाठी ठेवणं झेपणारं नाही, आणि तासाभरासाठी बोलावून काय साधणार ते कळत नाही.

दोघं नोकरीत असताना ज्यांनी पिल्लू वाढवलंय त्यांनी सांगा. 'मग आणलंतच कशाला' हे ऐकवायला घरचे समर्थ आहेत.

चौथा मजला :
बाल्कनी अजिबात नको. ऊन फिरत येतं, पिल्लाला सावली शोधायला जागा नसते, आणि गजांमधून डोकं बाहेर जातं ते परत येत नाही. बाकी जाणकार सांगतीलच. माझं एवढंच, की रजा संपायच्या आधी एक साधा कॅमेरा लावा. तुम्ही गेल्यावर ती काय करते हे न बघता घेतलेला कुठलाही निर्णय अंदाजपंचे असेल.

पट्टा आणि किल्ली :
झोपमोडताई, मी आधी एका डे-केअरमध्ये कामाला होते, आता लोकांच्या घरी जाऊन त्यांची कुत्री बघते. तेव्हा माझं मत धंद्याच्या बाजूने झुकलेलं आहे असं समजूनच वाचा.

तुम्हाला दिवसभर माणूस लागत नाही, मधेमधे लागतं. या वयाचं पिल्लू दिवसातले अठरा ते वीस तास झोपतं. तुम्ही नसतानाचा बराच वेळ ती झोपूनच काढेल, प्रश्न फक्त झोप मोडल्यावर लागणाऱ्या शूचा आहे. ढोबळ हिशेब असा, की पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास ते धरू शकतं, फार तर एखादा तास जास्त. तुमचं घर पावणेदहा तास रिकामं. मधे एकच फेरी ठेवली तर पाच-पाच तासांचे दोन तुकडे पडतात, ते तिला सध्या झेपणार नाहीत. पावणेबाराला एक आणि सव्वातीनला एक अशा दोन फेऱ्या ठेवा, म्हणजे मधलं अंतर साडेतीन तासांच्या वर जात नाही. सहा महिन्यांच्या आसपास एका फेरीवर येता येईल.

या फेरीला तासभरसुद्धा लागत नाही, अर्धा-पाऊण तास पुरतो, पण क्रम महत्त्वाचा. दार उघडलं की लाड नाहीत, उचलायचं आणि थेट शूच्या जागी. मग खाणं, कारण या वयात दिवसाचं खाणं तीन-चार वेळांत विभागून द्यावं लागतं. खाल्ल्यावर थोड्या वेळात परत त्याच जागी. त्यानंतर खेळ, आणि थकली की आपल्या जागेवर झोप. नवीन माणसं हमखास आल्याआल्या खेळायला बसतात, पिल्लू आनंदाने तिथंच मोकळं होतं, आणि संध्याकाळी मालक म्हणतो की तुम्हाला पैसे कशाचे देतो.

आता त्या डे-केअरबद्दल. जे तुमच्या पिल्लाचे डोस विचारत नाहीत ते बाकीच्यांचेही विचारत नसणार. पिल्लाला आईच्या चिकातून जे संरक्षण मिळालेलं असतं तेच सुरुवातीला लसीला अडवतं. ते कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, निदान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस पुन्हा पुन्हा देतात. एक डोस झाला म्हणजे काम झालं असं नाही. आणि पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराचा, विषाणू जागेवर महिनोन्‌महिने टिकतो, फरशी पुसायच्या साध्या लिक्विडला दाद देत नाही, त्याला ब्लीचसारखं काहीतरी लागतं. कुठल्याही डे-केअरला पहिला प्रश्न हाच विचारा की फरशी कशाने पुसता. उत्तर द्यायला जो अडखळतो त्याच्याकडे कुत्रं सोडू नका.

पण म्हणून सोळा आठवडे घरात कोंडूनही ठेवू नका. जगाची ओळख मनात मुरण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंतचा. तुमच्या हातात त्यातले थोडेच आठवडे उरलेत. उचलून घेऊन बाहेर न्या, रिक्षाचा आवाज, छत्री, काठीवाले आजोबा, शाळेतून सुटलेली पोरं हे सगळं कडेवरून दिसू द्या. ओळखीतला एखादा शांत, लसी पूर्ण झालेला मोठा कुत्रा असेल तर त्याच्या घरी नेऊन गाठ घालून द्या. दुपारी येणारं माणूसही या ओळखीचाच भाग आहे, हा त्या तासाचा फुकटचा फायदा.

शेपूट वाकडी :
सगळं पटलं, पण डे-केअरची बाजू कोणीतरी मांडायला हवी. आमचा बंड्या सात महिन्यांचा झाल्यापासून आठवड्यातून दोनदा जातो आणि त्या दोन्ही संध्याकाळी घरात शांतता असते. त्याआधी त्याने सोफ्याचा एक हात आणि राउटरची वायर संपवली होती. तरुण कुत्र्याला दुपारी अर्धा तास कोणीतरी येऊन भेटून जाणं पुरत नाही. सहा महिन्यांनंतर डिंकीही वेगळीच वागायला लागेल, बघा.

पट्टा आणि किल्ली :
वाकडी शेपूट, दोनदा म्हणालात म्हणून भांडत नाही. रोज असतं तर भांडले असते. दिवसभर वीस कुत्र्यांच्या गोंगाटात राहून आलेलं कुत्रं घरी येऊन आडवं पडतं ते प्रत्येक वेळी समाधानानेच असं नाही. लग्नघरात तीन दिवस राहून आलेल्या माणसासारखं असतं ते. दुसऱ्या दिवशी बंड्या त्या दारापाशी स्वतः ओढत नेतो का, की उंबऱ्याशी अडतो? तेवढं बघा, त्याचं उत्तर त्यात आहे.

तिथे काम करताना मला चांगली जागा आणि वाईट जागा यातला फरक कळला तो दुपारी. चांगल्या जागी दुपारी दिवे मंद करून सगळ्यांना वेगवेगळं झोपवतात. वाईट जागी सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत एकच मोकाट खेळ, आणि भांडणं हमखास तीननंतर, सगळे चिडचिडे झाले की. तेव्हा बघायला जायचंच तर सकाळी जाऊ नका, तीनला न सांगता जा. आत येऊ देत नसतील तर तिथूनच परत फिरा. आकार आणि स्वभावाप्रमाणे गट केलेत का, एका माणसाच्या वाट्याला किती कुत्री आहेत, कोणी सारखं दुसऱ्याच्या अंगावर चढत असेल तर मधे कोण पडतं, हे उभं राहून बघायचं. आणि केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लस घेतली तरी खोकला होऊ शकतो, फक्त सौम्य होतो. खोकणारं कुत्रं घरी पाठवतात का ते विचारा.

झोपमोड :
खूप आभार. बाल्कनी आणि ते डे-केअर दोन्ही रद्द, नवऱ्याने हा धागा वाचला. चौथा मजला, कॅमेरा लावला आणि आज दोघं मुद्दाम खाली जाऊन बसलो. दार लावल्यावर ती दारापाशी बसून रडली, मग पाणी प्यायली, मग चपलांच्या कपाटाशी झोपली. रडणं ऐकवत नव्हतं. हे बरं की वाईट? आणि दुसऱ्या पिल्लाबद्दल कोणीच बोललं नाही, मैत्रीण रोज विचारतेय.

चौथा मजला :
रडून झोपली ना, मग बरं. लाळ गळणं, दाराची चौकट खरवडणं, हगणं-मुतणं, तुम्ही ठेवलेल्या आवडत्या खाऊला तोंडही न लावणं, हे दिसलं तर ती घाबरलेली आहे असं समजा आणि व्हेटशी बोला. कंटाळलेलं पिल्लू चपला खातं, घाबरलेलं पिल्लू दार खातं.

पट्टा आणि किल्ली :
दुसरं पिल्लू नको. एकटेपणाला घाबरणारं कुत्रं माणसासाठी झुरतं, दुसऱ्या कुत्र्यामुळे ते थांबेलच असं नाही. शिवाय बरोबरीची दोन पिल्लं एकमेकांतच गुंतली तर तुमचं ऐकायची त्यांना गरजच उरत नाही. काम दुप्पट होईल, रडणारे दोन होतील.

रजा शिल्लक आहे तोवर जाण्याचा सराव करा. किल्ली उचला आणि परत ठेवा. चपला घाला आणि तशाच खुर्चीत बसा. कचरा टाकायला जा, लगेच या. ती शांत असतानाच वेळ वाढवत न्या. जाताना गळ्यात पडून निरोप घेऊ नका आणि आल्यावर मोठा सोहळाही करू नका. रजेच्या शेवटच्या रविवारपर्यंत चोवीस तास मांडीवर आणि सोमवारी एकदम दहा तास एकटी, हे मात्र मी दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या घरी बघते, आणि त्या सोमवारची दुपार माझ्या वाट्याला येते.

निवृत्त पण व्यस्त :
मी पलीकडच्या बाजूचा. शेजारचं जोडपं कामाला जातं आणि त्यांची कुत्री दुपारी माझ्याकडे असते. तुम्हाला माणूस मिळेल हो, पण ते टिकवायचं असेल तर सुरुवातीला सगळं कागदावर लिहून फ्रिजवर लावा. व्हेटचा नंबर आणि पत्ता, तुमच्यापैकी फोन नक्की कोण उचलतं त्याचा नंबर, खाणं किती आणि कुठल्या मापाने, काय द्यायचं नाही. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा कुत्र्याला बाधतात हे पाहुण्याला ठाऊक नसतं, प्रेमाने भरवायला जातो. आणि तुमचा फोन लागला नाही तर व्हेटकडे न्यायचं की नाही, खर्च कुठवर करायचा, याची लेखी परवानगी ठेवा. हे शेवटचं कोणी लिहीत नाही. एकदा तिने मोजा गिळला आणि मी फोन लावत बसलो, दोघंही मीटिंगमध्ये. पोटातून मोजा निघाला, पण तो अर्धा तास मी आयुष्यभर विसरणार नाही.

आणि शेजारी आहे म्हणून पैशांचा विषय टाळू नका. फुकट करणारा माणूस तिसऱ्या महिन्यात कारणं सांगायला लागतो, मीही लागलो असतो.

झोपमोड :
काका, कागद आजच लावते, मोजे कुलपात. खालच्या मजल्यावर एक कॉलेजची मुलगी आहे, तिचे तास सकाळी लवकर संपतात, ती पावणेबाराची फेरी घ्यायला तयार झाली. पैसे ठरवूनच. सव्वातीनसाठी एक ताई मिळाल्यात, त्या उद्या येऊन डिंकीला भेटणार आहेत. खोलीच्या कोपऱ्यात प्ले-पेन, म्हणजे जाळीचं छोटं कुंपण, मांडतोय, एका बाजूला अंथरूण, दुसऱ्या बाजूला शूचं पॅड. एक शंका राहिली. दुपारी येणाऱ्यांना पटकन पट्टा लावता यावा म्हणून हार्नेस अंगावर घालूनच ठेवू का?

पट्टा आणि किल्ली :
नाही. एकटी असताना गळ्यात-अंगात काहीही नको, पेनच्या जाळीत अडकलं तर सोडवायला कोणी नसतं. हार्नेस आणि पट्टा दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यावर टांगा. आणि त्या मुलीला पहिल्याच दिवशी एवढं बजावा की बाहेरचं दार आधी नीट लागलंय हे बघायचं, मगच पेन उघडायचं. तुम्ही घरी असताना तिच्याकडून हे चार-पाच वेळा करून घ्या, कॉलेजची मुलं फोन कानाला लावून आत येतात.