किल्ल्यांचा आवाज

कुणीतरी म्हटलंय की अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं रायन फील्ड म्हणजे हरणाऱ्या अमेरिकन फुटबॉल टीमचं जुनाट मैदान, पाडलं तर त्यात हळहळण्यासारखं काय? हरण्याबद्दल भांडणार नाही. पण तिथे हरण्यातही एक मजा होती हो! सलग 34 सामने हरल्यावर 1982 साली एकदाचा विजय मिळाला, तेव्हा पोरांनी गोलपोस्ट उपटून थेट मिशिगन सरोवरात नेऊन बुडवला होता. जिंकायची सवय असलेल्यांना हे सुचणार नाही.

मी एव्हन्स्टनला, म्हणजे नॉर्थवेस्टर्नच्या गावी, शिकायला गेलो तेव्हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा, एवढंच माहीत. पहिल्या सामन्याला कानटोपी, दोन स्वेटर, आणि खाली बर्फासारखं थंडगार बाकडं. किकऑफच्या, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकच्या वेळी अख्खा स्टँड खिशातून किल्ल्या काढून खुळखुळवायला लागला. माझ्याकडे खोलीची एकच किल्ली, ती कशावर वाजणार? शेजारच्या आजोबांनी हसत आपला जुडगा माझ्या हातात दिला. नियम मला आजही धड कळत नाहीत, पण तो आवाज कानात आहे.

1926 साली डाइक स्टेडियम म्हणून उघडलेलं हे मैदान. 18 नोव्हेंबर 2023ला पर्ड्यू विद्यापीठाच्या टीमला 23-15 हरवून निरोप घेतला, म्हणजे शेवट तरी गोड झाला. तो सामना मी पुण्यात रात्री लॅपटॉपवर पाहिला. किकऑफला स्कूटरची किल्ली हातात होतीच. बायको म्हणाली, 'आता कुठे निघालास?'