मिलेनियम फाल्कनची मोठी आणि अचूक प्रतिकृती : माप, सांगाडा व रंग यांबाबत सल्ला हवा आहे

मूळ विचारणा (पुणे)

नमस्कार मंडळी,

'स्टार वॉर्स'मधल्या मिलेनियम फाल्कन या यानाची मोठी प्रतिकृती घरी बांधायचे मी ठरवले आहे. गेली आठ वर्षे मी तयार किटांमधून विमाने आणि रणगाडे जोडतो आहे. एअरब्रश हाताला चांगला बसला आहे, पण सांगाड्यापासून सगळे स्वतः उभे करण्याचा अनुभव मला नाही. या यानाचे १/७२ मापाचे, साधारण ४८ सेंटीमीटर लांबीचे जपानी किट मी जवळून पाहिले आहे आणि ते अतिशय सुबक आहे; तरीही ज्याच्या पृष्ठभागावर कितीही वेळ नजर फिरवली तरी नवे काहीतरी सापडत राहावे, असे मोठे काम मला करायचे आहे.

माझ्या मनात एक मीटर लांबी आहे. यानाची लांबी ३४.७५ मीटर धरतात, म्हणजे एक मीटरला माप जवळपास १/३५ येते आणि माझ्याकडच्या १/३५ मापाच्या माणसांच्या आकृत्या शेजारी उभ्या करता येतील. सांगाडा प्लायचा करावा की ॲक्रिलिकचा, तबकडीसारख्या गोल धडाचा वरचा आणि खालचा घुमट कशाने मढवावा, बारीक तुकड्यांसाठी थ्रीडी प्रिंटिंगवर कितपत विसंबावे आणि मागच्या इंजिनाचा उजेड सलग कसा दिसेल, या गोष्टी मला अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायच्या आहेत. घाई नाही, दोन वर्षे लागली तरी चालतील, पण आकार चुकायला नको.

प्रतिसाद (भोसरी)

मी पॅटर्नमेकर आहे, ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने करणे हा माझा व्यवसाय आहे, आणि याच यानाची एक प्रतिकृती मी चार वर्षांपूर्वी पूर्ण केली. तुम्ही सांगाड्यापासून विचारायला सुरुवात केली आहे, पण त्याच्या आधी एक निर्णय घ्यावा लागतो, तो म्हणजे आपण नेमक्या कोणत्या फाल्कनची नक्कल करणार आहोत हा.

फाल्कन एकच नाही. १९७७च्या पहिल्या चित्रपटासाठी कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइस इथल्या कार्यशाळेत सुमारे पाच फूट लांबीचा नमुना बांधला गेला. तो चित्रीकरणात वळवायला, उलटापालटा करायला फार अवजड होता, म्हणून १९८०च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'साठी ३२ इंचांचा दुसरा नमुना तयार झाला. त्याशिवाय १९७९मध्ये वेल्समधल्या पेम्ब्रोक डॉक इथे पूर्ण आकाराचे यान उभारले गेले, तेही त्या चित्रपटासाठीच. या तिघांची प्रमाणे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. पहिल्या चित्रपटात यान तीन पायांवर उभे आहे, तर दुसऱ्यात पुढच्या भागाखाली पाय बसवण्याच्या दोन पेट्या वाढून पाय पाच झाले. एका नमुन्याचे जबडे (यानाची पुढे आलेली दोन टोके), दुसऱ्याच्या पेट्या आणि तिसऱ्याचा कॉकपिट अशी सरमिसळ इंटरनेटवरच्या बहुतेक आराखड्यांत झालेली असते, आणि ती सहा महिन्यांनी लक्षात आली की फार त्रास होतो.

माझा स्पष्ट सल्ला असा आहे की एक मीटरचा विचार सोडावा आणि ३२ इंच, म्हणजे ८१३ मिलिमीटर हेच माप धरावे. त्याचे कारण तुकड्यांत आहे. या यानाचा पृष्ठभाग कोणी रेखाटून घडवलेला नाही. कार्यशाळेतल्या कारागिरांनी बाजारात मिळणारी रणगाड्यांची, युद्धनौकांची, शर्यतीच्या मोटारींची प्लास्टिक किटे फोडून त्यांतले भाग शोभतील तसे चिकटवले. त्यामुळे तुम्ही मूळ नमुन्याच्याच मापाने काम केलेत, तर त्या किटांमधला खरा तुकडा जसाच्या तसा जागेवर बसतो. एक मीटरला प्रत्येक गोष्ट १.२३ पट होते. मूळ नमुन्यावर १० मिलिमीटरचे चाक असेल तर तुम्हाला १२.३ मिलिमीटरचे लागेल, आणि तसे चाक कोणत्याही किटात सापडणार नाही. शेकडो तुकडे एकेक करून रेखाटावे आणि छापावे लागतील. आकृत्यांसाठी एवढी किंमत मोजू नये. ८१३ मिलिमीटरला माप साधारण १/४३ येते आणि उभा माणूस चार सेंटीमीटरचा होतो. शिवाय चित्रपटातला आतला कॉकपिट बाहेरच्या शंकूत मुळात मावतच नाही, त्यामुळे यानाचे 'खरे' माप हा हिशेब तिथेही पुरता जुळत नाही.

याच मापाचा दुसरा लाभ मोजणीत होतो. छायाचित्रावरून थेट रेघ मारून आराखडा कधीही काढू नका, कारण जवळून घेतलेल्या छायाचित्रात पुढचे जबडे असतात त्याहून लांब दिसतात. मात्र त्याच छायाचित्रात एखादे ओळखीचे चाक किंवा झडप दिसली, आणि ते किट तुमच्याकडे असले, तर कॅलिपरने तो तुकडा मोजा. मूळ नमुन्याच्या पृष्ठभागावर कोणीतरी मोजपट्टी ठेवून दिल्यासारखेच ते असते. त्या जागेच्या आसपासची अंतरे त्या तुकड्याच्या हिशेबाने काढायची आणि पुढच्या ओळखीच्या तुकड्यापाशी पडताळून पाहायची. माझ्या आराखड्यातली कॉकपिटच्या नळीची जागा मी अशीच तीन वेळा सुधारली.

आता सांगाडा. मधोमध २५ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची चौकोनी पाइप घाला आणि तिला मागून, वरून आणि खालून असे तीन ठिकाणी आधार जोडता येतील अशी सोय पहिल्याच दिवशी करा. त्या जागांवरची पॅनेले सुटी ठेवा. पूर्ण झालेले यान आठ-दहा किलोच्या घरात जाते आणि पाय फक्त शोभेचे राहतात. फासळ्या ॲक्रिलिकच्या, लेझरने कापलेल्या असाव्यात. मी पहिल्या वेळी सहा मिलिमीटरचा प्लाय वापरला. तो चांगल्या प्रतीचा म्हणून विकत घेतला होता, पण एका पावसाळ्यात उजवा जबडा डाव्यापेक्षा चार मिलिमीटर खाली आला. डोळ्यांना ते आधी दिसले नाही. यान १२ मिलिमीटरच्या काचेवर ठेवले, डाव्या जबड्याखाली ठोकळा बरोबर बसला आणि उजवीकडे तोच ठोकळा सरकेना, तेव्हा कळले. तो सगळा सांगाडा मी मोडून पुन्हा केला. तेव्हापासून प्रत्येक जोड काचेवर ठेवून, गुण्या लावूनच पक्का करतो, आणि चिकटवलेला भाग रात्रभर काचेवरून हलवत नाही.

घुमट उथळ आहे आणि तिथेच बहुतेकांचे काम फसते. तबकडीची रुंदी साधारण ६० सेंटीमीटर धरली, तर २४ फासळ्यांत कडेला प्रत्येक दोघींमध्ये जवळपास ७८ मिलिमीटर अंतर पडते. एवढ्या अंतरात एक मिलिमीटरची शीट बसकी होते आणि घुमटाऐवजी छत्रीसारख्या सपाट पाकळ्या दिसू लागतात. ३६ फासळ्या घ्या, म्हणजे हे अंतर ५२ मिलिमीटरवर येईल. त्यातली प्रत्येक तिसरीच मध्यापर्यंत न्या, बाकीच्या अर्ध्यावर थांबवा. वरून दीड मिलिमीटरची हिप्स (एक प्रकारचे प्लास्टिक) शीट पाकळ्यांच्या आकारात कापून लावा, सांधे पुट्टीने भरा, आणि लांब लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून घासा. नुसत्या बोटांनी घासलेत तर प्रत्येक सांध्यापाशी खळगा पडेल. या कवचावर मग अर्ध्या मिलिमीटरची सुटी पॅनेले येतात, आणि त्यांच्या कडा एकसारख्या नसणे हेच या यानाचे रूप आहे. सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) स्वस्त पडतो, पण त्याची कापलेली कड रंगाखाली सच्छिद्र दिसते, म्हणून तो फक्त आतल्या भरावासाठी ठेवा.

प्रतिसाद (ठाणे)

थ्रीडी प्रिंटिंगबद्दल थोडे सांगतो, कारण माझे काम त्यातलेच आहे. जी किटे आता मिळत नाहीत त्यांचे तुकडे रेझिन प्रिंटरवर उत्तम निघतात. मात्र ते पूर्ण धुऊन, कडक करून, दोन-तीन दिवस मोकळे ठेवल्यावरच चिकटवा, नाहीतर रंगाखाली चिकटपणा राहतो. पीएलए या प्रिंटिंगच्या प्लास्टिकमध्ये सांगाड्याचा भाग छापू नका. ते साधारण ६० अंशांना मऊ पडू लागते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत एवढी उष्णता सहज होते.

इंजिनाच्या उजेडासाठी सोपा हिशेब आहे. मीटरला ६० दिव्यांची एलईडी पट्टी घेतली तर दोन दिव्यांत साधारण १७ मिलिमीटर अंतर असते; दुधी ॲक्रिलिकची पट्टी दिव्यांपासून त्याहून जास्त, म्हणजे २० ते २५ मिलिमीटर लांब ठेवली की ठिपके दिसत नाहीत. तेवढी जागा नसेल तर मीटरला १२० दिव्यांची पट्टी घ्या. ती ॲल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवा, आणि मागची जाळी काढता येईल अशी ठेवा, कारण दिवे कधीतरी बदलावे लागणारच.

प्रतिसाद (कोल्हापूर)

वरचे सल्ले मोलाचे आहेत. मी फक्त रंगाबद्दल लिहितो.

या यानाला पांढरे समजून रंगवतात, तिथे पहिली चूक होते. तळाचा रंग फिकट राखाडी आहे, त्यावर थोडीच पॅनेले गडद राखाडी, पिवळसर मातकट आणि विटकरी आहेत. विटकरी पॅनेले मनाने वाढवू नका. छायाचित्रात आहेत तेवढीच, त्याच जागी द्या. दोन पॅनेलांमधल्या रेषांत काळा रंग सोडण्याची रणगाड्यांवरची सवय इथे पूर्ण बाजूला ठेवावी लागेल, कारण त्याने एवढ्या मोठ्या पृष्ठभागाची फरशी होते. मळ हा वाऱ्याने ओढल्यासारखा, पुढून मागे जाणारा, एअरब्रशने अगदी पातळ थरांत द्यावा, आणि प्रत्येक थरानंतर दोन मीटर मागे जाऊन पाहावे. मारा झाल्याच्या काळ्या खुणा सर्वांत शेवटी.

आमच्याकडे पावसाळ्यात लॅकर मारला की त्यावर पांढुरकी झाक धरते. प्रायमर आणि रंग दसऱ्यानंतर घ्या. पावसाळ्याचे चार महिने तुकडे जमवण्यात आणि पॅनेले कापण्यात सहज जातात.

मूळ लेखकाचा प्रतिसाद (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. एक मीटरचा हट्ट सोडला. १९८०च्या चित्रपटातला ३२ इंची नमुना, पाच पायांसह, हे पक्के केले आहे. पूर्वी शंभर अंकांच्या मालिकेतून भागाभागाने मिळणारे फाल्कन याच मापाचे होते, हे वाचल्यावर त्याचे एखादे बांधलेले यान पुण्यात कोणाकडे असल्यास मोजायला मिळेल का, याची चौकशीही सुरू केली आहे. काल स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पट्टी ठेवून पाहिली, तर मध्यात दीड मिलिमीटरचा उतार निघाला, त्यामुळे आधी काच आणतो. फासळ्यांचे रेखाटन झाले की इथे देईन. भोसरीच्या काकांना एक विचारायचे आहे : फासळ्यांच्या खाचा तीन मिलिमीटरच्या ॲक्रिलिकसाठी बरोबर तीनच ठेवायच्या का?

प्रतिसाद (भोसरी)

नाही. तीन मिलिमीटर म्हणून मिळणारी ॲक्रिलिक शीट प्रत्यक्षात थोडी कमी-जास्त भरते आणि लेझरही कापताना थोडा भाग जाळतो. ज्या शीटमधून फासळ्या कापणार, तिच्याच एका कोपऱ्यात २.७, २.८, २.९ आणि ३ मिलिमीटरच्या चार खाचा आधी कापून घ्या. ज्या खाचेत तुकडा अंगठ्याने दाबल्यावर बसेल आणि उलटा धरल्यावर पडणार नाही, तेच माप सगळीकडे द्या. फासळ्या कापून मिळाल्या की वरचा कागद काढण्याआधी प्रत्येकीवर क्रमांक आणि वरची बाजू कोणती याची खूण लिहा. छत्तीस फासळ्या एकदा मिसळल्या की सारख्याच दिसतात. काच घेताना कडा घासून घ्यायला सांगा, आणि ती टेबलावर ठेवण्याआधी खाली जाड सतरंजी घाला.