जुन्या ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलचा आवाज: हाऊसिंग लगेच उघडावे का?

धागालेखक:
टाटा ४०७सारख्या जुन्या मालवाहू ट्रकच्या मागून आवाज येऊ लागला की गाडी जॅकवर चढण्यापूर्वीच ‘क्राऊन-पिनियन गेले’, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगमधली (पेटीतली) चाके फिरवणारी दातेरी जोडी खराब झाली, असा निकाल दिला जातो. या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे. आवाज कोणत्या वेळी येतो, हे आधी नीट नोंदवले पाहिजे. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना येणारा आणि पाय काढताच बदलणारा सूर बहुधा दातांचा असतो. वेगाबरोबर वाढणारी, पण अ‍ॅक्सिलरेटरला दाद न देणारी घरघर बहुधा बेअरिंगची असते. डांबरावरून काँक्रीटवर जाताच आवाज बदलला, तर टायर पाहावेत. गाडी जागेवरून सुटताना होणारा ‘टक्’ आवाज अनेकदा प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटमधल्या क्रॉसचा निघतो आणि ते काम हाऊसिंग उघडण्याच्या तुलनेत किरकोळ असते. शिवाय या गाडीचा अ‍ॅक्सल फुल फ्लोटिंग असल्यामुळे (म्हणजे वजन शाफ्टवर नव्हे, हाऊसिंगवर पेलले जात असल्यामुळे) चाक न काढता शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, बाहेर ओढता येतो आणि मग उचललेले चाक हाताने फिरवून हबचे (चाकाच्या मध्यभागाचे) बेअरिंग स्वतंत्रपणे तपासता येते. शाफ्ट काढल्यावर गिअर टाकूनही गाडी थांबून राहत नाही, म्हणून पुढच्या चाकांना उटी (चाक अडवणारा ठोकळा) लावल्याशिवाय हे काम कोणीही करू नये.

प्रतिसाद १ (गॅरेजचालक):
आपली तपासणी योग्य असली, तरी तिच्यात दिवस घालवणे मला मान्य नाही. पिनियन चाकाच्या सुमारे चार-पाच पट वेगाने फिरते. त्याचे बेअरिंग सैल झाले की पिनियन जागेवरून हलते, दातांचा संपर्क बिघडतो आणि बेअरिंगवर भागणारे काम क्राऊन-पिनियनच्या पूर्ण जोडीवर जाते. घाटात भरलेली गाडी अडकली, तर टोइंग, माल दुसऱ्या गाडीत भरणे आणि बुडालेले भाडे हा सगळा भार मालकावरच पडतो. त्यामुळे आवाज अ‍ॅक्सलचा आहे एवढे कळले की हाऊसिंग उघडावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद २ (निवृत्त फिटर):
उघडणार कोण आणि कोणत्या साधनांनी, हा प्रश्न दोघांनीही सोडून दिला आहे. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून ते जोडीनेच बदलावे लागतात. जुन्या जोडीच्या शिमा (जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बदलून दात झिजलेल्या जागेवरून सरकवले, तर आवाज कमी होण्याऐवजी वाढतो. नवी जोडी बसवतानाही बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) डायल गेज या मापकावर मोजला पाहिजे, पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला ताण) तपासला पाहिजे आणि दातांना रंग लावून त्यांचा ठसा मधोमध येतो की टोकाकडे सरकतो, हे पाहिले पाहिजे. क्राऊन हाताने हलवून ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्याच्या हाती चांगले हाऊसिंग देण्यापेक्षा थोडा आवाज परवडतो.

धागालेखक:
म्हणूनच मी आधी तेलाचा प्लग (हाऊसिंगचे चुंबक असलेले बूच) काढायला सांगतो. चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असेल, तर ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे तुकडे किंवा पातळ पापुद्रे असतील, तर गाडी पुढे नेऊ नये, याबाबत गॅरेजचालकांशी माझा वाद नाही. तेलाचा दर्जाही तपासावा. हायपॉइड (एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या तिरप्या) दातांना जीएल-५ दर्जाचे, जास्त दाब सोसणारे तेल लागते, तरीही गिअरबॉक्सचे उरलेले जीएल-४ तेल तिथे ओतले जाते, ही गोष्ट मला अत्यंत चुकीची वाटते. परंतु तेल स्वच्छ आहे, पातळी बरोबर आहे आणि एकाच वेगाला येणारा जुना सूर वाढत नाही, अशा गाडीचे हाऊसिंग मी उघडू देणार नाही.

प्रतिसाद १ (गॅरेजचालक):
त्यात एक अट घाला. जॉइंट सोडवून पिनियनचा फ्लँज (जॉइंट जिथे जोडतात ती चकती) हाताने वर-खाली हलवून पाहा. तिथे झोका जाणवला, तर तेल कितीही स्वच्छ असले तरी त्या गाडीत माल भरू नये.