भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या दुरुस्तीला एकच कॉन्ट्रॅक्टर लावावा की नेहमीचे प्लंबर-वायरमनच बरे?

सहकारनगरकर
माझं मत स्पष्ट आहे. एकापेक्षा जास्त फ्लॅट भाड्याने दिले असतील तर दुरुस्तीसाठी एक कॉन्ट्रॅक्टर ठरवून टाकावा, आणि तोही वर्षाची ठोक रक्कम देऊन नाही तर रेट ठरवून. अँगल कॉक (भिंतीतून निघणाऱ्या पाण्याच्या लाइनवरचा छोटा बंद-चालू नळ) बदलायची मजुरी इतकी, गीझर उघडून एलिमेंट (आतला पाणी तापवणारा कॉइल) बदलायची इतकी, फ्लश टँकचं आतलं सामान बदलायची इतकी, नुसतं बघायला यायचे इतके, हे सगळं आधीच कागदावर. मटेरियलचं बिल वेगळं आणि काढलेला जुना पार्ट फेकायचा नाही, भाडेकरूकडे ठेवायचा. आमचे फ्लॅट पुण्यात बाणेर आणि वाघोलीला आहेत, आम्ही राहतो इकडे सहकारनगरला. बाणेरचा प्लंबर वाघोलीला जात नाही, वाघोलीचा फोन उचलत नाही, आणि तिकडे टँकर आणि बोअरच्या पाण्याने गीझरची वाट लागते. एलिमेंट बाहेर काढलं की त्यावर पांढरा खडखडीत थर आणि टाकीच्या तळाला खडीसारखे तुकडे, असं पाणी असेल तर काम निघतच राहणार, प्रत्येक वेळी नवा माणूस शोधत बसायचं का? शिवाय पक्कं बिल मिळतं, ते टॅक्सला उपयोगी पडतं.

नारायणपेठी
अहो, कॉन्ट्रॅक्टर म्हणजे फक्त मधला माणूस वाढवणं. त्याच्याकडे स्वतःची माणसं क्वचितच असतात. तुमचा फोन गेला की तो ज्याला काम नाही त्याला पाठवतो, आज एक मुलगा उद्या दुसरा, आणि त्या घराची पाइपलाइन कुठून गेलीय हे दोघांनाही माहीत नसतं. आमच्याकडचा प्लंबर बिल्डिंगमधल्या प्रत्येक बाथरूमचा कन्सील व्हॉल्व्ह (भिंतीत दडवलेला पाणी बंद करायचा कॉक) कुठे आहे हे डोळे मिटून सांगेल, ही माहिती कुठल्या रेट लिस्टमध्ये येते? आणि खरी गोम पुढे आहे. नळ टपकतोय म्हटल्यावर आपला माणूस नळाचा स्पिंडल (आतला फिरणारा भाग) उघडतो, वॉशर बदलतो, दहा मिनिटांत मोकळा. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस म्हणतो आतून खराब झालाय, नवीनच बसवा. मालक दहा किलोमीटरवर, भाडेकरूला घाई, झालं काम.

हिशेबाचं बोला
बिलाचा मुद्दा आधी निकालात काढते, कारण बरेच मालक या समजुतीवर जास्त पैसे देतात. घरभाड्याच्या उत्पन्नावर दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च वजा मिळतच नाही. महापालिकेचा कर वजा करून जे उरतं त्यावर सरसकट 30 टक्के वजावट मिळते, तुम्ही रुपया खर्च करा नाहीतर लाख. आणि कॉन्ट्रॅक्टर जीएसटीवाला असेल तर मजुरीवर 18 टक्के वरून, निवासी भाड्यावर जीएसटी नसल्यामुळे ते परत मिळायचा मार्ग नाही. तेव्हा बिल जरूर घ्या पण वॉरंटीसाठी आणि डिपॉझिटच्या हिशेबासाठी घ्या, टॅक्ससाठी म्हणून महाग कॉन्ट्रॅक्टर लावू नका.

सहकारनगरकर
ताई, टॅक्सचं मान्य. पण म्हणून कॉन्ट्रॅक्टर नको हे त्यातून निघत नाही. भाडेकरू वैतागून फ्लॅट सोडून गेला तर एक महिना रिकामा जाणार आणि वर ब्रोकरेज, त्यापुढे हे 18 टक्के किरकोळ आहेत.

भाड्याने राहतो, वाकड
दोन्ही बाजू मालकांच्याच चालल्यात म्हणून लिहितो. आम्हाला कॉन्ट्रॅक्टर आला काय आणि शेजारचा प्लंबर आला काय, फरक पडत नाही, आम्हाला हे कळायला हवं की फोन कोणाला करायचा आणि पैसे कोणाचे. ॲग्रीमेंटमध्ये "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी" एवढं एक वाक्य असतं आणि मग गीझर किरकोळ की मोठा यावर महिनाभर व्हॉट्सॲपवर वाद. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात याची यादीच आहे, नळाचे वॉशर, ड्रेन साफ करणं, स्विच-सॉकेट, गीझरची दुरुस्ती हे भाडेकरूकडे आणि स्ट्रक्चरची कामं, रंग, पाइप आणि वायरिंग बदलणं मालकाकडे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कायदा लागू होत नाही पण यादी उचलून करारात घालायला कोणी अडवलंय? आणि माणूस पाठवायच्या आधी वेळ विचारा, दुपारी घरी फक्त आई असते, गेटवरून थेट वर पाठवलेला अनोळखी माणूस आम्हाला नको.

हडपसर मेंटेनन्सवाला
मी हेच काम करतो म्हणून बोलतो, राग मानू नका. सहकारनगरकर साहेब, तुम्ही रेट ठरवा म्हणताय, पण रेटमध्ये जितकी कामं जास्त निघतील तितका आमचा फायदा, म्हणजे नारायणपेठी काकांनी सांगितलेला नवीन नळाचा प्रकार तिथेच होतो. वर्षाची ठोक रक्कम असेल तर काम परत निघू नये यात माझा फायदा आहे. मग मी एकदा जाऊन सगळे अँगल कॉक फिरवून बघतो, नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जाळीखालचा सांडपाण्याचा खोलगट भाग) साफ करतो, गीझरचा थर काढतो. पार्ट तापकीर गल्लीच्या बाजारातून आणतो, बिल तुमच्यासमोर ठेवतो. आणि मधला माणूस म्हणता पण आमच्याकडे मुलं महिन्याच्या पगारावर आहेत, काम नसलं तरी पगार द्यावा लागतो, तो कुठून काढायचा?

सहकारनगरकर
दादा, तुम्ही प्रामाणिक असाल, पण ठोक रकमेत दुसरीच अडचण आहे, पैसे आधी हातात पडले की बोलावल्यावर यायची घाई राहत नाही. ठरावीक वेळेत नाही आलात तर पैसे कापू हे तुम्ही लिहून द्याल का?

हडपसर मेंटेनन्सवाला
पाणी वाहत असेल किंवा लाइट गेली असेल तर त्याच दिवशी, बाकीचं दोन दिवसांत, हे लिहून देतो. पण पैसे तीन-तीन महिन्यांचे आगाऊ हवेत आणि टँकरच्या पाण्याने गेलेलं एलिमेंट फुकट बदलून देणार नाही.

नारायणपेठी
आणि ओल आली तर? भाड्याच्या फ्लॅटमधली सगळ्यात मोठी डोकेदुखी तीच आहे. बेडरूमच्या भिंतीचा रंग फुगतो, बोट लावलं की पापुद्रा सुटून खाली पावडर पडते, आणि कॉन्ट्रॅक्टर पुट्टी मारून रंग देऊन मोकळा होतो, पुढच्या जुलैत परत तेच. पाणी येतंय कुठून ते आधी बघायला हवं. वरच्या फ्लॅटच्या टॉयलेटमधून असेल तर सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) खर्च संबंधित सभासदांचा, गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून असेल तर सोसायटीचा. हे भांडण मालकाने स्वतः सेक्रेटरीकडे जाऊन, लेखी अर्ज देऊन भांडायचं असतं. कॉन्ट्रॅक्टर लावला की मालक तिकडे फिरकतच नाही, आणि घर आतून सडतं. म्हणून माझं म्हणणं, पंधरवड्यात एकदा जाता येत नसेल इतक्या लांबचा फ्लॅट असेल तरच कॉन्ट्रॅक्टर.

हिशेबाचं बोला
काका, पंधरवड्यात एकदा भाडेकरूच्या घरी जाणं हे भाडेकरूलाही नको असतं हो. पण विजेच्या बाबतीत मी नेहमीच्या माणसावरही विसंबत नाही. प्लंबरच गीझरची वायर जोडून जातो हे सर्रास चालतं. गीझरच्या लाइनला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन बंद पाडणारा स्विच) आहे का आणि त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो का, हे प्रत्येक नवा भाडेकरू यायच्या आधी परवाना असलेल्या वायरमनकडून बघून घ्या. अर्थिंग बरोबर नसेल तर तो खर्च मालकाचाच, तिथे घासाघीस नको.

भाड्याने राहतो, वाकड
ताईंना पूर्ण अनुमोदन. आमच्या आधीच्या घरात नळाला हात लावला की मुंग्या यायच्या आणि मालक म्हणायचे चप्पल घालून आंघोळ करा.

सहकारनगरकर
ठीक. हडपसरवाल्या दादांकडून फक्त वाघोलीच्या फ्लॅटसाठी तीन महिन्यांचा ठोक रेट घेतो, बाणेरला माझा रेटवालाच राहील. एका ठरावीक रकमेच्या वरचं काम मला फोटो पाठवून विचारल्याशिवाय करायचं नाही ही अट दोघांनाही. नारायणपेठी, मधल्या माणसाबद्दल तुमचं म्हणणं मला अजूनही पटलेलं नाही.

नारायणपेठी
नका पटवून घेऊ. पण करार करताना त्याच्याकडून एवढं लिहून घ्या की घरी कोण येणार त्याचं नाव आणि ओळखपत्र आदल्या दिवशी भाडेकरूला जाईल.